पार्ट टाकला नाही, तर पैसे कशाचे? मिसिंगवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली. राग आहे, पण त्यामागे हात काळे केलेला माणूस दिसतो. म्हणून नुसतं ‘धन्यवाद’ लिहून सुटत नाही, सविस्तर उत्तर देतो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भर उन्हाळ्यात पांढरकवड्याकडे येताना एक चार सिलिंडरची पेट्रोल गाडी तापली आणि हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तो आणि खालचा भाग यांच्यातली गळती रोखणारी पट्टी) उडालं. दुसऱ्या एका गॅरेजात हेडचं काम झालं, आणि गाडी घरी नेल्यापासून मिसिंग सुरू, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि इंजिन थरथरतं. प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजेक्टर साफ केले, फरक शून्य. मग गाडी आमच्याकडे आली. आम्ही तपासली, टॅपेट सेट केले (म्हणजे वॉल्व्ह, सिलिंडरची झडप, आणि तिला ढकलणारा भाग यांच्यातली बारीक फट नेमकी केली), मिसिंग गेलं. बिलात पार्टचा रकाना कोरा होता आणि तपासणीची मजुरी तेवढी लिहिलेली होती.

त्यावर तुम्ही लिहिलंत, “काहून बाप्पा, टॅपेटसाठी एवढं नाटक? जुना मिस्त्री प्लगची वायर ओढून दोन मिनिटांत सांगत होता. टॅपेट तर कानानेच कळतात. तुम्ही स्कॅनरवाले खेड्यातल्या माणसाले लुटता, अन् वरून ज्याने हेड बांधलं त्या गरिबाची बदनामी करता.” जाता जाता आजकालच्या पेट्रोललाही एक टोला आहे.

कानापासून सुरू करतो, कारण आपलं खरं वाजलं ते तिथेच.

टॅपेट कानाने कळतात हे अर्धंच खरं. सैल टॅपेट कळतो. तो टकटक करतो, रस्त्याने जाणाऱ्यालाही ऐकू येतो. घट्ट टॅपेट मात्र गप्प असतो. मधली फटच संपली, तर वाजणार काय? उलट इंजिनाचा आवाज मऊ झाला म्हणून मालक खूश आणि मिस्त्रीही खूश. टकटक करणाऱ्या टॅपेटने सहसा कुणाचं इंजिन बंद पाडलेलं नाही. वॉल्व्ह जाळतो तो हा गप्प बसणारा.

ही फट जाते कुठे? आपल्याकडे हेड उघडलं की ते लेथवाल्याकडे जातं. पोत्यात गुंडाळायचं, एस्टीत सीटखाली सरकवायचं आणि यवतमाळ नाहीतर नागपूर गाठायचं. तिथे हेडला फेस मारतात, म्हणजे खालून खरवडून सपाट करतात, आणि सोबत वॉल्व्ह घासतात. फेस मारल्याने टॅपेटच्या फटीला काही होत नाही. या इंजिनात कॅम (वॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) हेडवरच बसतो, त्यामुळे हेड खालून खरवडलं तरी कॅम आणि वॉल्व्ह यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. फरक पडतो तो वॉल्व्ह घासल्याने. वॉल्व्ह आणि त्याची सीट, दोन्हींवरून थोडा थोडा धातू जातो. वॉल्व्ह सीटमध्ये जास्त खोल बसतो आणि जेवढा खोल बसला तेवढी त्याची दांडी वर, कॅमच्या बाजूला सरकते. हे सरकणं मिलिमीटरचा एखादा लहानसा हिस्सा असतं. पण फट तरी मुळात केवढी? बऱ्याच पेट्रोल इंजिनांत एक्झॉस्टची (धूर बाहेर सोडणाऱ्या वॉल्व्हची) फट पाव मिलिमीटरच्या आसपास आणि इनटेकची (मिश्रण आत घेणाऱ्याची) त्याहून कमी. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकातच पाहावा, दुसऱ्या गाडीचा वापरू नये. इतक्याशा फटीतून थोडं जरी गेलं तरी उरतं काय?

गाडी चालते तेव्हा एक्झॉस्ट वॉल्व्ह तापून लाल होतो आणि लांबतो. लांबायला जागा नसली की तो सीटवर नीट टेकत नाही. पिस्टन वर येताना दाबलेलं मिश्रण त्या बारीक फटीतून सायलेन्सरकडे निसटतं. गाडी उभी करून चालू ठेवली की निसटायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून मिसिंग तिथे जास्त. रेस दिली की तेवढा वेळच मिळत नाही, गाडी सुधारल्यासारखी वाटते. मालकाची तक्रारही शब्दशः हीच होती, “हायवेवर लय मस्त पळते, रेल्वे फाटकापाशी उभी राहिली की थरथरते.”

प्रकरण थरथरण्यावर थांबत नाही. एक्झॉस्ट वॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरते. टेकणंच नीट होईना, तर उष्णता जाणार कुठे? वॉल्व्हचा काठ एका जागी जळतो, तिथे खाच पडते, आणि मग टॅपेट कितीही नीट सेट केला तरी पुन्हा हेड उघडण्यावाचून गत्यंतर नाही. या गाडीचं नशीब, की तिथवर गोष्ट गेली नव्हती. ज्यांच्या गाडीला गॅस किट आहे त्यांनी इथे कान टवकारावेत. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात वॉल्व्हच्या सीटा लवकर झिजतात, आणि हेड न उघडताही फट अशीच हळूहळू मिटत जाते.

आता वायर ओढण्याबद्दल. ती पद्धत चूक नाही. जो सिलिंडर बंद केल्यावर इंजिनाच्या चालीत फरकच पडत नाही तो आधीपासून काम करत नव्हता, हा हिशोब आजही तोच. पण आजच्या गाडीची वायर चालू इंजिनात ओढू नका. ठिणगीला उडायला जागा मिळाली नाही की ते हजारो व्होल्ट कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतात. शिवाय त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल येतच राहतं. ते न जळता पुढे जातं आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत तर ओढायला वायरच नसते. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून पाहा. पेट्रोलच बंद, त्यामुळे धोका नाही, आणि उत्तर तेच मिळतं. आम्हीही तेच केलं. तिसऱ्याचं कनेक्टर काढलं, इंजिन जसं थरथरत होतं तसंच थरथरत राहिलं.

म्हणजे स्कॅनर नसता तरी तिसऱ्यापर्यंत आपण पोचलोच असतो, हे तुमचं म्हणणं मला मान्य. गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणाऱ्या स्कॅनरनेही पी०३०३ एवढंच दाखवलं, तिसऱ्यात मिसिंग. भारतात २०१३ च्या एप्रिलपासून नव्या चारचाकींना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याची व्यवस्था) सक्तीचं आहे आणि मिसिंगवर नजर ठेवणं हा त्याचाच भाग. पण कॉम्प्युटरला ना ठिणगी दिसते, ना पेट्रोल, ना वॉल्व्ह. तो क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) सेन्सरवरून फक्त क्रँकची गती पाहतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरचा जोर मिळतो. ज्याच्या पाळीला क्रँक किंचित मंदावला, त्याच्या नावावर नोंद. (खड्ड्यांत चाकं आदळली तरी क्रँकची चाल हलते, म्हणून काही गाड्यांत खराब रस्ता ओळखून ही नोंद थांबवण्याची सोय असते. आमच्या पांदण रस्त्यांवर ती नोंद दिवसभर थांबलेलीच राहत असेल.)

म्हणून पी०३०३ वाचून तिसऱ्याची कॉइल बदलणं म्हणजे अंदाजाने पैसे खर्च करणं. कॉइलवर संशय आहे ना, मग तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, दुसऱ्याची तिसऱ्यावर, कोड पुसा आणि गाडी फिरवून आणा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल दोषी. तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल सुटली. प्लगची अदलाबदल तशीच, इंजेक्टरचीही तशीच. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. या गाडीत तिन्ही गोष्टी हलवून पाहिल्या, कोड तिसऱ्याला चिकटून राहिला.

मग कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर. पहिला, दुसरा, चौथा १७० पीएसआयच्या आसपास, तिसरा ११५. चमचाभर इंजिन ऑइल तिसऱ्यात टाकून पुन्हा पाहिलं. पिस्टनच्या रिंगांचा दोष असता तर ऑइलने फट भरून काटा वर चढला असता. तो जागचा हलला नाही. नंतर तिसरा पिस्टन वर आणून, दोन्ही वॉल्व्ह बंद अवस्थेत, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, ऑइलच्या झाकणातून फुसफुस नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र स्पष्ट सूंऽऽ. इथे कान कामी आला, भाऊ. वरचं झाकण काढून तिसऱ्याचा एक्झॉस्ट रॉकर (कॅमचा धक्का वॉल्व्हला देणारा भाग) बोटांनी हलवून पाहिला. बाकीच्यांना किंचित खेळ होता, याला नव्हता. फट मोजायच्या फीलर गेजची सर्वांत पातळ पातीही शिरेना. स्क्रू आणि लॉकनटवाले टॅपेट असल्याने पार्ट काहीच लागला नाही. बाकीचेही पुस्तकातल्या आकड्यावर घेतले, आणि तिसऱ्याचं कम्प्रेशन इतरांच्या रांगेत आलं.

बदनामीबद्दल. मूळ लेखात मी त्या मिस्त्रीचं नाव लिहिलं नाही, गावही लिहिलं नाही. उलट रेडिएटरमध्ये बुडबुडे न येणं हीच त्यांच्या कामाची पावती आहे. गॅस्केट पक्कं बसलं होतं. राहून गेलं ते दोन कामांच्या मध्ये. लेथवाल्याने वॉल्व्ह घासून दिले, बांधणाऱ्याने हेड बांधलं, आणि फट मोजणं नेमकं कुणाचं हे बहुधा कुणीच विचारलं नाही. तालुक्याच्या गावात हेड बाहेर पाठवावंच लागतं, त्यामुळे हा प्रकार कुणाच्याही हातून होऊ शकतो. यात गरिबाची बदनामी कुठे आली?

पेट्रोलचं एका दमात सांगतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते, ते हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात कॅनमध्ये भरून ठेवलेलं तर आणखीच. हे सगळं खरं. पण चारही सिलिंडरना पेट्रोल एकाच टाकीतून येतं. तेच खराब असतं तर मिसिंग कधी इथे कधी तिथे दिसलं असतं आणि बहुधा पी०३०० (नेमका एक सिलिंडर न सांगणारा मिसिंगचा कोड) आला असता. पेट्रोल काही तिसऱ्यालाच निवडून त्रास देत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तिथे मी मागे हटणार नाही. प्लगचा सेट, कॉइल, इंजेक्टरची सफाई यांचे पैसे मालकाने कुरकुर न करता दिले, कारण हातात डबा दिसत होता. इलेक्ट्रिकचा पार्ट एकदा लावला की दुकानदार परत घेत नाही, तो खर्च कायमचा गेला. हेच पैसे कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या घरातून गेले होते. आम्ही घेतलेली मजुरी त्या तिन्हींच्या बेरजेपेक्षा बरीच कमी होती, आणि त्या मजुरीत दोष सापडला. याला तुम्ही लूट म्हणता. मी म्हणतो, तपासायलाही तेवढाच माणूस लागतो जेवढा बांधायला लागतो. एवढं मात्र खरं, की तपासणीची मजुरी किती होईल हे गाडी आत घेण्याआधीच सांगायला हवं. आमच्याकडे ते कागदावर लिहून देतात. जे सांगत नाहीत त्यांच्यावर तुम्ही खुशाल रागवा.

शेवटी तुम्ही विचारलंय, साळ्याच्या गाडीचा टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा) बदलला आणि त्या दिवसापासून मिसिंग, काय करू? आधी ती चालवणं थांबवा, विशेषतः इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर. तो नुसता पेटलेला असणं वेगळं. लुकलुकतो याचा अर्थ न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतंय. नंतर जिथे जिथे पाना लागला तिथेच पाहा. बेल्टच्या आजूबाजूचे सेन्सर, त्यांची कनेक्टर ‘टक्’ करून बसली आहेत का, एखादा व्हॅक्यूमचा पाइप लावायचा राहिला का, अर्थची वायर परत आवळली का. हे सगळं ठीक असेल तर कम्प्रेशन घ्या. चारही सिलिंडर सारखेच कमी आले तर बेल्ट दाता चुकला आहे असं समजा. कव्हर काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा जुळतात का ते पाहा. फिरवताना कुठेही अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, स्टार्टर तर मुळीच मारू नका. अशा वेळी वॉल्व्ह पिस्टनला भिडत असू शकतो. गाडी टोचन करून आणा. तपासणीची मजुरी किती होईल ते आधी फोनवर विचारून घ्या.