तीन ओळींचा सातबारा

बदल तीन ओळींचा होता. इनव्हॉइसवर जीएसटी राउंड करताना एक पैसा इकडचा तिकडे होत होता, तो जागेवर आणला. दोन ओळी बदलल्या, एक नवी घातली. मंगळवारी सकाळी पुल रिक्वेस्ट (पीआर), म्हणजे 'बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या' ही विनंती, टाकून चहाला गेलो. परत येतो तर स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, आमच्या लीडसाहेबांनी माझी फाइल सगळ्यांसमोर उघडून ठेवलेली. वरून खालपर्यंत १,४११ ओळी लाल, १,४१२ हिरव्या. "रात्रभर बसून फाइल नव्याने लिहिलीस की काय रे?" दोघं-तिघं हसले. त्यातल्या एकाचा माइक चालू होता. मग साहेबांनी पीआरवर "प्लीज फिक्स, हे बेसिक आहे" असं टाकलं आणि पुढच्या तिकिटाकडे वळले.

बेसिक आहे, मान्य. पण "लाइन एंडिंग बघ" एवढं टाइप करायला त्याहून कमीच बटणं दाबावी लागली असती. मी मोजलीयेत.

संध्याकाळी घरी तीच लाल-हिरवी स्क्रीन उघडून बसलो होतो, तेवढ्यात शेजारचे काका आले. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. बिल्डिंगमध्ये मी 'कॉम्प्युटरवाला' असल्यामुळे प्रिंटर, सेट-टॉप बॉक्स, गिझरचा टायमर आणि पेन्शनरांचं हयात असणं ही सगळी खाती माझ्याकडे आहेत. काका कोर्टातून टंकलेखक म्हणून निवृत्त झाले. सकाळी टायपिंगचा क्लासही चालवायचे. मशीनवर त्यांचा अंगठा लागत नाही. बटणं बडवून बडवून बोटांच्या रेषाच गेल्या, असं ते फार अभिमानाने सांगतात. म्हणून मोबाइलला चेहरा दाखवून दाखला काढायचा.

"निकाल लागला वाटतं," काका स्क्रीन बघून म्हणाले. "निम्मे नापास दिसतायत."

म्हटलं, काका, लाल म्हणजे खोडलेल्या ओळी आणि हिरव्या म्हणजे त्यांच्या जागी लिहिलेल्या.

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. एक लाल ओळ वाचली, तिच्या शेजारची हिरवी वाचली. मग दुसरी जोडी, मग तिसरी, खाली बोट लावून. जावा ही कोडची भाषा त्यांना येत नाही, पण कोर्टात आयुष्यभर मजकूर पडताळलेला माणूस आहे, अक्षर न् अक्षर ताडून बघतो. पाच मिनिटांनी निकाल दिला, "अरे, दोन्हीकडे तेच आहे! खोडलंस आणि तेच परत लिहिलंस? आमच्याकडे ह्याला खरी नक्कल म्हणायचे आणि पानामागे पैसे घ्यायचे."

"फरक आहे काका, दिसत नाही. ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर आलंय."

"न दिसणारं अक्षर."

"हो."

"मग ते आलंय हे कुणी पाहिलं?"

इथे मी चूक केली. खरं उत्तर दिलं. ओळ संपली हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून विंडोज दोन खुणा ठेवतं: १३ नंबरची कॅरेज रिटर्न आणि १० नंबरची लाइन फीड. लिनक्स नुसती लाइन फीड ठेवतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या लेखी एक अक्षर वाढलं की ओळ बदलली. सगळ्या ओळींना एकेक अक्षर चिकटलं, म्हणून सगळी फाइल बदलली.

'कॅरेज रिटर्न' हे शब्द कानावर पडले आणि काका हयातीचा दाखला विसरले. इतके हयात मी त्यांना गेल्या कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. त्यांनी माझा लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला, जेवणाच्या टेबलाच्या डाव्या टोकाला नेला, डावा हात एका अदृश्य खटक्यावर ठेवला आणि म्हणाले, "टिंग!" मग लॅपटॉप सर्रकन उजवीकडे ढकलला. टेबलाच्या त्या टोकाला चहाचा कप होता. कप मी झेलला, चहा नाही.

"हे तुझं कॅरेज रिटर्न! पण तुझा क्रम उलटा आहे. १३ आधी आणि १० नंतर? खटका दाबला की आधी रूळ फिरतो, कागद एक ओळ वर चढतो, आणि मग गाडी सरकते. आधी फीड, मग रिटर्न. कुणी लिहिलंय हे?"

तांत्रिक मुद्दा रास्त होता. त्याचं उत्तरही आहे, आणि ते मला त्याच दुपारी कळलं होतं, कारण अपमान झाल्यावर माणूस वाचतो. हा क्रम टाइपरायटरचा नाही, टेलिप्रिंटरचा. १९६३ सालचं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. गाडी उजव्या टोकाहून डावीकडे यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागे. म्हणून आधी 'परत फीर' सांगायचं आणि गाडी वाटेत असताना कागद वर सरकवून घ्यायचा. नाहीतर पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर पानाच्या मधेच कुठेतरी उमटे. ही जोडी पुढे सीपी/एम ह्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमने घेतली, तिथून डॉसने, डॉसकडून विंडोजने. युनिक्सवाल्यांनी एकच खूण पुरे म्हटलं. जुन्या मॅकने तर फक्त रिटर्न ठेवलं होतं.

"तारखात्याचं यंत्र," काका तुच्छतेने म्हणाले. "ते आमच्यात कधी मिसळले नाहीत." पण लगेच डोळे बारीक केले. "थांब. तुझा तो लिनक्स नुसता रूळ फिरवतो आणि गाडी परत आणत नाही. मग जिना होत नाही का?"

मी गप्प. आमच्या इंटरव्ह्यूला एवढा चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. नुसतं लाइन फीड केलं तर दुसरी ओळ जिथे पहिली संपली तिथूनच सुरू होणार, तिसरी त्याच्याही उजवीकडे, पायरी पायरीने. आणि हे खरंच होतं. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, रॉ मोडमध्ये (आलेला मजकूर जसाच्या तसा सोडणाऱ्या) अडकलं की मजकूर असाच जिन्यासारखा उतरतो. एरवी होत नाही, कारण मधला टर्मिनल ड्रायव्हर प्रत्येक लाइन फीडच्या आधी गुपचूप एक रिटर्न घालतो. त्या सोयीचं नाव ओएनएलसीआर.

"म्हणजे साहेब अर्धाच खटका मारतात आणि उरलेला पट्टेवाला मारतो," काका म्हणाले. "मग बरोबर आहे. सरकारी पद्धत आहे."

मग चेहऱ्याचं काम काढलं. अ‍ॅप म्हणतं, डोळे मिचकवा. काका म्हणतात, समोर कोण आहे ते सांग, मग बघू. तीनदा फेल. चौथ्यांदा डोळ्यात काहीतरी गेलं आणि शासनाच्या लेखी काका आणखी एक वर्ष जिवंत राहिले.

जाताना दारात थांबून विचारलं, "पण तुझ्याकडे हा खटका मारला कुणी?"

तर तेच सांगतो, कारण हे उद्या तुमचंही होणार आहे. जुन्या लॅपटॉपवर गिटची ऑटोसीआरएलएफ सेटिंग ट्रू होती. विंडोजवर गिट टाकताना नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट केलं की तीच बसते. ती कमिट करताना, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवताना, रिटर्न काढून टाकते आणि फाइल चेकआउट करताना, म्हणजे डिस्कवर घेताना, परत लावते. म्हणजे डिस्कवर फाइल सीआरएलएफ (रिटर्न आणि फीड), रिपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या कोठारात, एलएफ (नुसतं फीड), आणि कुणालाच काही कळत नाही. गेल्या आठवड्यात लॅपटॉप बदलून मिळाला. आयटी सपोर्टच्या मुलाने त्यावर गिट टाकताना तिसरा पर्याय निवडला, 'जसं आहे तसं घ्या, जसं आहे तसं ठेवा'. त्यातही तसं वाईट काही नाही. वाईट मी केलं. अर्धवट झालेलं काम ब्रँचवर, म्हणजे कोडच्या माझ्या वेगळ्या फांदीवर, पुश करायच्या (सर्व्हरवर पाठवायच्या) ऐवजी ती एकच फाइल स्वतःला मेल केली आणि नव्या लॅपटॉपवर जुन्या फाइलच्या जागी चिकटवली. जुन्या डिस्कवरचे सगळे रिटर्न तिच्यासोबत आले, आणि नव्या गिटने ते 'जसं आहे तसं' ठेवले.

दुरुस्तीला मिनिटही लागत नाही. व्हीएस कोड ह्या एडिटरमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सीआरएलएफ लिहिलेलं असतं. वर्षभर मी तो कोपरा पाहत होतो आणि ते व्हर्जनबिर्जन काहीतरी असेल असं समजत होतो. त्यावर क्लिक करा, एलएफ निवडा, सेव्ह करा. नवी कमिट करत बसू नका, जुनीच अमेंड (दुरुस्त) करा आणि फोर्स-विथ-लीजने पुश करा. नुसतं फोर्स नको, मधे कुणी त्या ब्रँचवर काही टाकलं असेल तर ते पुसलं जातं. डिफ, म्हणजे बदलांची यादी, परत तीन ओळींवर येतो. आणि कमिट करण्याआधी गिट डिफ स्टॅट ही कमांड मारायची. फाइलचं नाव आणि बदललेल्या ओळींचा आकडा, एवढंच दाखवते. पाचच्या जागी (दोन खोडलेल्या, तीन लिहिलेल्या) २,८२३ दिसले की तिथेच थांबायचं. म्हणजे साहेबांच्या आधी आपण आपल्याला हसतो.

कुणी म्हणेल, रिव्ह्यूच्या पानावर व्हाइटस्पेस लपवायची सोय असते, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? लपवल्याने डोळ्यांना बरं वाटतं. पण हा पीआर तसाच मर्ज झाला (मुख्य कोडमध्ये मिसळला) असता तर गिट ब्लेममध्ये, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत, जवळजवळ अख्खी फाइल माझ्या नावावर लागली असती. सातबारा माझा आणि जमीन मी येण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी नांगरून ठेवलेली. तिथल्या प्रत्येक जुन्या बगसाठी लोकांनी मलाच शोधत यायचं. शिवाय शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड लिहिलेल्या फाइलमध्ये, हे रिटर्न शिरले की वेगळीच मजा. कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम चालवायचा बंद डबा, सुरूच होत नाही, म्हणतो 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल तर समोर दिसतेय! ती शोधतच नाहीये तो. पहिल्या ओळीत स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशच्या शेपटाला तो न दिसणारा रिटर्न चिकटलाय, आणि लिनक्सचा गाभा असलेला कर्नल त्या शेपटासकट नाव असलेला बॅश शोधतोय. ह्यावर लोकांचे अख्खे दिवस गेलेत.

आता जरा रागाचं बोलतो. गेल्या वर्षी माझ्या 'कौशल्यविकासा'चे ४० तास पोर्टलवर हिरवे झाले. व्हिडिओ दुसऱ्या टॅबमध्ये दुप्पट वेगाने वाहत होते, हे सगळ्यांना माहीत आहे, एचआरलाही. ईमेलचा शेवट 'रिगार्ड्स'ने करावा की 'वॉर्म रिगार्ड्स'ने, यावर दीड तासाचं सत्र झालं. ओळीचा शेवट कसा करावा यावर शून्य मिनिटं. कॉलेजात चार वर्षं प्रोग्रॅम जर्नलमध्ये हाताने उतरवले, आणि कागदावर सीआरएलएफ नसतो. मग हे शिकायचं कुठे? भर मीटिंगमध्ये, अकरा जणांसमोर, आणि तेही 'हे बेसिक आहे' एवढंच. ज्यांना येतं त्यांना ते कधी आलं हेच आठवत नाही, म्हणून सगळं बेसिक. नोटपॅडला नुसतं लाइन फीड नीट दाखवायला २०१८ साल उजाडलं. त्याला कुणी स्टँडअपमध्ये उभं केलं नाही.

बरं, माझ्या लॅपटॉपची सेटिंग बदलून प्रश्न सुटत नाही. पुढच्या महिन्यात नवी मुलगी जॉइन होणार, तिच्या लॅपटॉपवर तोच सपोर्टवाला कुठलासा पर्याय दाबणार. सोसायटीच्या टाकीत गाळ असताना घरोघर फिल्टर बसवण्यातला प्रकार आहे हा. टाकी साफ करायची तर रिपॉझिटरीच्या मुळाशी डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स नावाची फाइल ठेवायची. पहिली ओळ, सगळ्या फाइलींना टेक्स्ट ऑटो (मजकुराच्या फाइली कुठल्या ते गिटनेच ओळखायचं). पुढे, शेल स्क्रिप्टना कायम एलएफ, बॅच फाइलींना कायम सीआरएलएफ, पीएनजी बायनरी. ही फाइल कोडसोबत सगळ्यांकडे जाते आणि रिपॉझिटरीत काय जाणार हे ठरवताना कुणाच्या मशीनवरची ऑटोसीआरएलएफ काय म्हणते याला विचारत नाही. मग गिट अ‍ॅड रिनॉर्मलाइज (जुन्या फाइली नव्या नियमात बसवणारी कमांड), एकदाच, स्वतंत्र कमिटमध्ये, दुसरा एकही बदल न मिसळता. आणि उघड्या ब्रँचेस कमीत कमी असतील असा दिवस बघून, नाहीतर प्रत्येकाला कॉन्फ्लिक्ट येणार आणि शिव्या तुम्हाला. त्या कमिटचा चाळीस अक्षरी हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, ब्लेममध्ये न धरायच्या कमिटच्या ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज फाइलमध्ये नोंदवला की सातबाऱ्यावर मूळ मालक परत दिसायला लागतात. आधी गिट एलएस-फाइल्स ईओएल मारून बघा. रिपॉझिटरीत काय आहे आणि डिस्कवर काय आहे, दोन्ही शेजारी शेजारी दाखवते.

त्यातली पहिली पायरी म्हणून बुधवारी त्या चार ओळींच्या फाइलचा दुसरा पीआर टाकला. सोबत कारण लिहिलं, जिन्याचा मुद्दासुद्धा घातला.

तीन ओळींचा पीआर त्याच दिवशी मर्ज झाला, एक शब्दही न बोलता. चार ओळींच्या पीआरवर गुरुवारी साहेबांची कॉमेंट आली: "ह्या स्प्रिंटच्या स्कोपमध्ये नाही."

आज लिफ्टमध्ये काका भेटले. "काय रे, साहेबांची सही झाली का तुझ्या कागदावर?"

"नाही झाली काका."

"डोळे मिचकावले होतेस का?"