‘परदेशी जाऊन दृष्टी रुंदावत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

‘परदेश प्रवासाने दृष्टी रुंदावते, हा टूर कंपन्यांनी पसरवलेला भ्रम आहे’ असा एक लांबलचक संदेश सध्या नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जग आता बसल्या जागी मोबाईलवर दिसतं, परदेशी जाणारे फोटो काढून आणि आपलेच पोहे खाऊन परत येतात, ज्ञानेश्वर-तुकाराम कुठे समुद्रापार गेले होते, बाहेर गेलेला माणूस आपली माती विसरतो, आणि शेवटी, हे पैसेवाल्यांचे चोचले. दीक्षाभूमीच्या शहरात हा संदेश इतक्या सहज पुढे ढकलला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोबाईलवर जग दिसतं, खरं आहे. पण जपानच्या रेल्वेचा एक व्हिडिओ पाहिला की पुढचे तसलेच समोर येतात; आवडलं तेवढंच जग उरतं. शिवाय तिथे बघणारे आपण असतो, आपल्याकडे कोणी बघत नसतं. प्रवासात हे उलटतं. मराठी, हिंदी, मोडकीतोडकी इंग्रजी यातलं काहीच चालत नाही अशा गावी औषधाच्या दुकानात उभं राहून पोटात कुठे दुखतंय ते खुणांनी सांगावं लागतं. दुकानदार भला असला तरी आपण वेंधळे ठरतो, शिकलेले असून अडाणी दिसतो. गडचिरोलीची माडिया बाई किंवा मेळघाटातला कोरकू बाप नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांच्या प्रश्नांपुढे गप्प का उभा राहतो, हे त्यानंतर कोणी समजावून सांगावं लागत नाही. ही माणसं आपल्याला आधीही दिसत होतीच. त्यांचं गप्प राहणं कळायला आपली भाषा कुठेतरी निरुपयोगी ठरावी लागते.

फोटो आणि पोह्यांचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. नागपूरहून निघून आठवडाभर नागपूरकरांशीच बोलून परतणारे असतात. काहीजण ‘आपल्याकडे सगळी घाण’ एवढंच शिकून येतात, तर काही ‘आपलंच सगळं थोर’ एवढंच. प्रवास कोणाला जबरदस्तीने शहाणं करत नाही. पण पुस्तकं कपाटात सजवून ठेवणारे लोक आहेत म्हणून आपण वाचनाला भ्रम म्हणत नाही.

संतांची नावं घेताना संदेश लिहिणारा नामदेवांना विसरला. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्या काळी तो परमुलूखच होता. आपल्या विदर्भाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते. गावोगाव ग्रामसेवा शिकवणाऱ्या माणसाला जपान वर्ज्य नव्हता. तुकोबांना देहूतून जे दिसलं ते थोरच, पण ती दृष्टी आपल्याला जन्मतःच मिळाली आहे असं धरून मुलांना घरी बसवू नये.

‘बाहेर गेला की माणूस माती विसरतो’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला, आणि १९१७ मध्ये परत आले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पूर्ण पुसली गेली होती. नोकरीसाठी बडोद्याला उतरल्यावर राहायचं कुठे, या प्रश्नाने ती पुन्हा समोर आणली. शेवटी नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला आणि काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. लहानपणापासून जे सोसलं होतं, तो सृष्टीचा नियम नव्हे, माणसांनी केलेली व्यवस्था आहे, ती नसलेलं आयुष्य मी जगून आलो आहे, हे आता ते स्वतःच्या अनुभवावर सांगू शकत होते. याला माती विसरणं म्हणायचं? पुढे १९५० मध्ये श्रीलंकेत आणि १९५४ मध्ये ब्रह्मदेशात जाऊन ते तिथल्या बौद्ध समाजाला भेटले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडलं, त्यामागे हाही प्रवास आहे. आणि ही ये-जा एकतर्फी राहिली नाही: जपानहून आलेले बौद्ध भिक्खू भदंत सुरई ससाई नागपूरचेच होऊन गेले.

बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव गायकवाड स्वतः अनेकदा परदेशी गेले होते. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहून त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि संस्थानभर वाचनालयं उभी केली. तरीही त्याच बडोद्यात बाबासाहेबांना छप्पर मिळालं नाही. एका राजाने जग पाहिलं म्हणून त्याच्या शहराने पाहिलं असं होत नाही. जास्त लोकांनी जायला हवं, ते यासाठीच.

म्हणूनच ‘पैसेवाल्यांचे चोचले’ हे मला पटत नाही. आखातात जाणारे वेल्डर, ड्रायव्हर, नर्स पैसेवाले नाहीत. नागपुरात छत्तीसगडहून आलेल्या बांधकाम मजुराला ‘बाहेरचा’ म्हणणारा माणूस तिथे स्वतः बाहेरचा असतो, पाकिस्तानी आणि बांगलादेशी कामगारांच्या शेजारी राबतो. त्यांच्या घरच्या हप्त्यांची चिंता आपल्यासारखीच आहे, हे त्याला भाषणातून कळावं लागत नाही. फिरायलाच जायचं तर नेपाळला पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. नागपूरहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे, पुढे सोनौलीची सीमा ओलांडली की लुंबिनी जवळच. तिथे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, सरकारी पंचांगातलं साल सुमारे ५७ वर्षं पुढे आणि सुट्टीचा दिवस शनिवार. आपण ज्याला काळ-वेळ म्हणतो तीही माणसांनी ठरवलेली आहे, हे एवढ्याशा अंतरावर दिसतं. आणि शिकायला जायचं असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तुमच्या गटावर तो संदेश आलाच असेल, तर त्याच्याखाली या शिष्यवृत्तीची माहिती टाका. उत्तर नागपुरातल्या, कामठीतल्या, उमरेडच्या एखाद्या मुलीपर्यंत ती अर्जाच्या मुदतीआधी पोहोचायला हवी.