पिल्लू, वजन ३४ किलो

डाव्या गुडघ्यावरची खपली अजून पडलेली नाही, तोवर हे लिहून घेतो. ती पडली की रागही जाईल, आणि हा राग मला इतक्यात घालवायचा नाही.

प्रकरण एवढंच. घरात लॅब्रेडॉर जातीचा कुत्रा आणायचा ठराव झाला होता. ऑफिसातले एक सहकारी तीन दिवसांसाठी बाहेर निघाले होते, म्हणून त्यांचा लॅब चाचणीपुरता आमच्याकडे राहायला आला. नाव पिल्लू. दोन महिन्यांचा असताना ठेवलेलं, तेव्हा शोभतही असेल. आता तो चार वर्षांचा आहे आणि ३४ किलो भरतो. या जातीच्या नराचं वजन २९ ते ३६ किलो असतं, म्हणजे त्याला लठ्ठ म्हणायचीही सोय नाही. अगदी नियमात बसणारे ३४ किलो. पोट सुटलेल्या एकोणपन्नास वर्षांच्या माणसाने भर बागेत “पिल्लू! ए पिल्लू, थांब ना!” असं ओरडत धावायचं. एका बाकावरच्या मुलीने दचकून वळून पाहिलं. तिच्या शेजारच्या मुलाने जास्त वेळ पाहिलं.

दोरीचा फास मी मनगटाला गुंडाळला होता. तसं करू नये हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं सगळं ऐन वेळी आठवलं असतं तर मी शाळेतही वेगळ्याच क्रमांकाने पास झालो असतो. समोर पन्नासेक पावलांवर कुठेतरी प्लॅस्टिकचं पाकीट चुरचुरलं. पिल्लूचे कान उभे राहिले, लॅबचे कान जेवढे उभे राहू शकतात तेवढे, आणि पुढचं अंतर मी काही चालत गेलो नाही.

थांबलो तेव्हा मी गवतात पालथा होतो, उजवा हात पुढे ताणलेला. पिल्लू एका बाकासमोर शाळकरी पोरासारखा शहाणा होऊन बसला होता. बसला होता तो दोरीवरच. मला मान वर करता येईना. दिसत होते ते फक्त दोन पांढरे कॅनव्हासचे बूट.

“काका, उठू नका,” बुटांच्या वरून आवाज आला.

कशीबशी मान वाकडी करून पाहिलं. पांढरेशुभ्र केस, सत्तरीच्या आतबाहेरचे गृहस्थ. मला काका म्हणणारा माणूस माझ्या काकांच्या वयाचा होता. गुडघ्याआधी तेच लागलं मला.

“उठलात की त्याला वाटेल खेळ सुरू झाला. पडून राहा.”

सल्ला बरोबर होता, म्हणून आणखीच राग आला. “तो दोरीवर बसलाय,” मी म्हणालो. “जरा सरकवता का त्याला?”

“छे, मी कुत्र्यांना हात लावत नाही. आवडत नाहीत मला. माहिती सगळी आहे, पण आवडत नाहीत.” मग जरा वाकून, “जर्मन शेफर्ड ना?”

“लॅब्रेडॉर.”

“हां, तेच. लॅब्रेडॉर म्हणजे कॅनडातला तो भाग. तिथलाच कुत्रा.”

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. तोंडात गवताची काडी होती, मनगट दोरीत होतं, कानामागून मुंगी चालली होती. पण तीन आठवडे मी या जातीबद्दल वाचत होतो आणि त्या तीन आठवड्यांत घरातल्या एकानेही मला एक प्रश्न विचारला नव्हता. मी वाचायला लागलो की मुलगा कानात काहीतरी घालायचा. हा पहिला श्रोता. तो चुकतोय हे मला सहन झालं नाही.

“नाही,” मी गवतातून म्हणालो. “नाव लॅब्रेडॉरचं, पण कुत्रा शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा. तिथले मच्छीमार पाळायचे. पाण्यातून जाळी ओढून आणायचा, निसटलेले मासे पकडायचा. पुढे तिथून इंग्लंडात नेला, आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.”

“जाळी ओढायचा?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, मग माझ्या मागे गवतात उमटलेल्या लांबलचक पट्ट्याकडे पाहिलं. “मग बरोबर आहे की. त्याने त्याचं काम केलं.”

वर पुन्हा चुरचुर झाली.

“काका, तुमच्या खिशात काय आहे?”

“कुठे काय? काही नाही.” चुर्र. पिल्लूच्या तोंडातून लाळेची एक तार सावकाश खाली आली आणि माझ्या बोटांवर विसावली. “राखणीला मात्र उत्तम असणार. केवढा दांडगा आहे!”

“अजिबात नाही. शिकारीत पडलेला पक्षी दात न रुतवता आणून द्यायचा, यासाठी वाढवलेली जात आहे ही. चोर आला तर त्याची चप्पल तोंडात धरून आणून देईल. तीही न चावता.”

“मग एवढा मोठा कशाला घ्यायचा?”

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आताही नाही.

“हा असा माझ्याकडे का बघतोय? उपाशी ठेवता काय?”

“तासापूर्वी खाऊन निघालाय,” मी म्हणालो. “२०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलंय, चारातल्या जवळजवळ एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे नीट पोचतच नाही.”

“आमच्या साडूंचं तसंच आहे,” ते म्हणाले, आणि साडूंबद्दल सांगायला लागले. साडूंनी कोणाच्या लग्नात काय केलं ते मी इथे लिहीत नाही. लांब आहे, आणि ऐकताना माझा हात बधिर झाला होता. साडूंचं संपल्यावर त्यांनी सहज विचारलं, “घरात कोण कोण?”

“मी, बायको, पंधरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी, आणि माझी आई. शहात्तर वर्षांची.”

“आणि फिरवणार कोण?”

“सगळे मिळून. वेळा वाटून घेणार आहोत.”

त्यांनी बागेत उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. मग खाली माझ्याकडे. काही बोलले नाहीत. त्या माणसाने त्या दिवशी फक्त तेवढंच बोलायचं टाळलं.

शेवटी सात-आठ वर्षांचा एक मुलगा आला, “ऊठ रे” म्हणाला आणि पिल्लू उठला. एवढंच. मी विनवणी करत होतो तेव्हा त्याला मराठी येत नव्हतं.

वेळा खरोखरच वाटल्या होत्या. मुलाने मोबाइलवर पंधरा पानांचं सादरीकरण केलं होतं, त्यात चार रंगांचं वेळापत्रक होतं. सकाळ मुलाची, संध्याकाळ मुलीची, सुट्टीचा दिवस बायकोचा, ‘इतर’ माझं. पिल्लू होता त्या तीन दिवसांत सहा फेऱ्या झाल्या. मुलाची चाचणी परीक्षा निघाली, मुलीला दोरी धरवेना (तिचं वजन २६ किलो, ती एकटी गेली असती तर फिरायला कोण कोणाला नेतंय हा प्रश्नच नव्हता), बायकोची पाठ धरली. सहाही फेऱ्या ‘इतर’मध्ये मोडल्या.

सादरीकरणाच्या तिसऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘फॅमिली डॉग’. लॅब माणसांवर जीव टाकतो, मुलांशी प्रेमाने राहतो, पटकन शिकतो, हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या नोंदणीत १९९१ पासून २०२१ पर्यंत, सलग ३१ वर्षं, तो पहिल्या क्रमांकावर होता. २०२२ मध्ये त्याला फ्रेंच बुलडॉगने मागे टाकलं. मला त्यात नवल वाटत नाही. फ्रेंच बुलडॉग बागेतून उचलून घरी आणता येतो. पण हे फॅमिली म्हणजे कोण? फोटो काढताना घर भरलेलं असतं. पहाटे पावसात दाराशी उभा राहून तो कुईं कुईं करतो तेव्हा फॅमिली म्हणजे एक माणूस, अर्ध्या चड्डीत, चप्पल शोधणारा.

आणि एक पान कोणी पाहिलंच नाही. लॅब साधारण १० ते १२ वर्षं जगतो. म्हणजे आज आणलेलं पिल्लू म्हातारं होईल तेव्हा मुलगा सत्तावीस वर्षांचा, कुठल्या तरी दुसऱ्या शहरात. मी एकसष्ट. या जातीला खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचा त्रास होतो, म्हणून पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईबापाचे खुब्याचे एक्स-रे पाहायला सांगतात. माझे कोणी पाहिलेत? ज्याला कुत्रा हवा तो घर सोडून जाणार, आणि ज्याला नको होता तो आणि कुत्रा जिना चढताना एकमेकांची वाट बघणार. दीड वर्षाचा, अंगाने पुरता वाढलेला पण अकलेने पोर असा लॅब ‘चांगलं घर बघून’ देऊन टाकणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याही घरी आधी मतदान झालंच असेल.

राग आला की मी भरकटतो. तर, मी घरी आलो. चिखल, खरचटलेला गुडघा, हातावर लाळ. बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, “अरे, हा लंगडतोय का?” मला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, ती खाली बघत होती.

आईचा विरोध होता, तिच्यावर माझी भिस्त होती. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, “वासराएवढा आहे, मला पाडेल.” ही खरी भीती होती, चेष्टेची नव्हे. काठी टेकत चालणाऱ्या माणसाच्या घरात अरुंद बोळकांडीत वळणारा ३४ किलोचा आनंद म्हणजे अपघातच. त्याची शेपटी पाणमांजरासारखी जाड, बुंध्याशी मनगटाएवढी. पहिल्याच संध्याकाळी तिने बैठ्या टेबलावरचा चष्मा, फुलदाणी आणि आईची औषधांची डबी एका फटक्यात उतरवली. मी आईकडे आशेने पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी त्या लबाडाने तिच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि एक सुस्कारा सोडला. “दमलाय गं बाई,” आई म्हणाली. पन्नास वर्षांत मला कधी दमलाय म्हणाली नाही.

सोमवारी पिल्लू गेला. केस राहिले. त्याच्या अंगावर दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला लोकरीसारखा, पाणी अंगाला लागू नये म्हणून. वर्षभर थोडेथोडे गळतात आणि ऋतू पालटताना पोत्याने. परवा कपाटातल्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात सापडले. बंद कपाटातल्या.

मी नकाराचं भाषण तयार ठेवलं होतं, पण बायकोने मधेच तोडगा काढला, आणि तो मला फार आवडला, हीच माझी चूक. महिनाभर रोज पहाटे सहाला आणि संध्याकाळी सातला पाऊण तास चालायचं. कुत्र्याशिवाय. आई सोडून सगळ्यांनी. जो टिकेल त्याचंच मत धरायचं. मी मनात म्हटलं, चार दिवसांत सगळे गळतील आणि विषय मिटेल.

पहिल्या दिवशी चौघं होतो. दुसऱ्या दिवशी तिघं. तिसऱ्या दिवशी मुलगी कोपऱ्यापर्यंत आली. चौथ्या दिवसापासून मी एकटा. मला हरायचं नव्हतं ना! पाऊस आला तरी गेलो, गुडघा ठणकला तरी गेलो. दहाव्या दिवशी जेवताना मी विजयाने जाहीर केलं की आता मतदार एकच उरलाय.

मुलाने घास गिळला. “म्हणजे बाबा, तुम्ही रोज दोन्ही वेळा जाता?”

“एकदाही चुकवलेलं नाही.”

“मग प्रश्नच मिटला की,” तो बायकोकडे बघत म्हणाला. “फिरवायचं काय, एवढीच अडचण होती.”

आई म्हणाली, “हो रे, आणि त्याला सवयही झालीय.” बायको काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारामागच्या खुंटीवर नवी कोरी दोरी लटकत होती. मुलीने त्यावर चिठ्ठी लावली होती, ‘बाबा, प्रॅक्टिससाठी.’ लेकीचं मन मोडवेना, म्हणून हातात घेतली. मनगटाला गुंडाळली नाही, तेवढं शिकलोय.

बागेत पांढरे बूट त्याच बाकावर होते. मी नजर चुकवून पुढे निघालो, पण मागून चुरचुर झाली आणि माझीच पावलं थांबली. त्यांनी माझ्या हातातल्या दोरीकडे पाहिलं, तिच्या जमिनीवर घासत आलेल्या मोकळ्या टोकाकडे बराच वेळ पाहिलं, आणि मान डोलावली.

“छान, काका,” ते म्हणाले. “आज अजिबात ओढत नाहीये.”