'फ्रेमा टांगून पोट भरत नाही': एका प्रतिक्रियेला उत्तर

विद्यापीठातल्या शोधांची पेटंटं घेऊन ती कंपन्यांना वापरायला देणाऱ्या संस्था, म्हणजे संशोधन प्रतिष्ठानं, यांवरच्या माझ्या लेखाखाली 'गोदाकाठचा' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. मुद्दे तीन. ही प्रतिष्ठानं म्हणजे निवृत्त प्राध्यापकांची सोय. अमेरिकेचे दाखले नाशिकला लागू नाहीत. आणि तिसरा त्यांच्याच शब्दांत: 'पेटंटच्या फ्रेमा भिंतीला टांगून कुणाचं पोट भरत नाही, हे एसीत बसून लेख पाडणाऱ्यांना काय कळणार?'

आधी चूक कबूल करतो. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध हृदयरुग्णांसाठी शोधलेलं, असं मी लिहिलं होतं. ते १९४८ मध्ये बाजारात आलं ते उंदीर मारायचं विष म्हणून. माणसांना द्यायची परवानगी १९५४ ची. आपण दाखवून दिलंत, आभार, दुरुस्ती केली आहे. त्यासाठी 'गुगल तरी करत जा' हे शेपूट जोडायची मात्र गरज नव्हती.

आता एसी. माझ्या घरी एसी नाही. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत वडिलांची तीन लेथची पत्र्याची शेड होती, तिथे मे महिन्यात दुपारी उभं राहून दाखवा, मग बोलू. फवारणीच्या पंपाचं नोझल सारखं चोंदायचं, म्हणून वडिलांनी त्यात फिरती गाळणी बसवायची युक्ती काढली. पिंपळगाव, ओझरचे द्राक्षबागायतदार घरी येऊन नोझल घेऊन जायचे. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी त्यावर उत्साहाने पेपर लिहिला. तो छापून आला तेव्हा घरात पेढे वाटले. दीड वर्षाने पेटंटचं विचारायला गेलो, तर वकील म्हणाले, 'विकून झालं, छापून झालं, आता नावीन्य राहिलं कुठे?' तोवर एका मोठ्या कारखान्याने तेच नोझल काढलं होतं, आणि कायद्याने त्यांचं काही चुकतही नव्हतं. पोट कशाने भरत नाही, हे तुम्ही मला शिकवू नका.

प्रतिष्ठान नेमकं इथे उपयोगी पडतं. पेपर छापण्याआधी अर्ज करायचा, त्याचा खर्च सोसायचा, बनवणारी कंपनी शोधून तिला परवाना द्यायचा, आणि आलेल्या रॉयल्टीतला वाटा संशोधकाला देऊन उरलेलं प्रयोगशाळेत घालायचं. प्राध्यापकाला यातलं काही जमत नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

अमेरिकेच्या दाखल्याला नाक मुरडलंत, पण तो दाखला गायीगुरांच्या राज्यातला आहे. विस्कॉन्सिन राज्याच्या विद्यापीठातले प्राध्यापक हॅरी स्टीनबॉक यांना दिसलं, की अतिनील किरण दिल्यावर अन्नात ड जीवनसत्त्व तयार होतं. म्हणजे मुलांच्या मुडदुसावर इलाज. (लासलगावला कांद्यावर मारतात ती गॅमा किरणं वेगळी, हे मला ठाऊक आहे, लगेच कळवू नका.) स्टीनबॉकनी पदरच्या पैशांनी पेटंटचा अर्ज केला, एका बड्या ओट कंपनीचा देकार नाकारला, आणि १९२५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून प्रतिष्ठान उभं केलं. पैसा फिरून त्याच विद्यापीठात आला. पुढे १९३३ मध्ये एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठणाऱ्या रक्ताचा डबा घेऊन तिथलेच जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या दारात आला. खराब झालेल्या गवतातला तो दोष शोधता शोधता वॉरफरिन हाती लागलं. त्या नावातलं 'वॉर्फ' (WARF) हे प्रतिष्ठानच्याच नावाचं, 'विस्कॉन्सिन अ‍ॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन'चं, लघुरूप आहे. एवढं तरी गुगल केलं असतंत!

आणि सगळं अमेरिकेतच घडतं असंही नाही. आयआयटी दिल्लीचं प्रतिष्ठान १९९२ पासून हेच करतं आहे.

निवृत्तांची सोय? असेल कुठे कुठे. प्रतिष्ठान सेक्शन ८ कंपनी, म्हणजे कंपनी कायद्यातली ना-नफा कंपनी, म्हणून नोंदवलं तर तिला नफा सभासदांत वाटता येत नाही, एवढं सांगून पुढे जातो. नाशिकला हे लागू पडेल का, हा प्रश्न तुम्ही धड विचारलाच नाहीत, टोमणा मारलात. धड विचाराल त्या दिवशी धड उत्तर देईन. आणि खरं नाव लिहायला काय हरकत आहे? मी माझं लिहितो.

वडिलांचं ते पितळी नोझल अजून माझ्या टेबलावर आहे. फ्रेम नाही. पेपरची प्रत होती, ती शेड विकताना रद्दीत गेली.