नाईनच्या विधवेवरचं मनन वाचून

आजचं मनन, म्हणजे बायबलच्या उताऱ्यावरचं रोजचं चिंतन, सकाळी वाचलं. नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा, लूकच्या शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायातला, ज्याला येशूने मेलेल्यातून उठवलं. त्यात शेवटी लिहिलंय की पुनरुत्थानावर विश्वास असलेल्या आईबापांनी शोक करत बसू नये. इथे मात्र मला थांबावंसं वाटलं.

आम्ही वेंगुर्ल्याचे. आमचा मुलगा जाऊन आता चार पावसाळे झाले. दर 2 नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या आधी आम्ही दोघं त्याच्या कबरीचे चिरे घासायला जातो. पावसात त्यावर हिरवं शेवाळ धरतं. नारळाच्या सोडणाने घासताना त्याचे बाबा एक शब्द बोलत नाहीत, फक्त नावावरची अक्षरं बोटाने साफ करत राहतात. हा अविश्वास आहे का?

प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना, म्हणजे त्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पत्रात शोकच करू नका असं कुठे सांगितलंय? आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच सांगितलंय. मेलेला मित्र लाजर पुन्हा उठणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडला. दावीद राजाने तर मेलेल्या मुलासाठी, अबशालोमासाठी, हंबरडा फोडला, आणि तो मुलगा बापावरच उलटलेला होता!

नाईनच्या वेशीवर प्रभूला त्या बाईचा कळवळा आला, मग त्याने तिरडीला हात लावला. आधी कळवळा, मग चमत्कार. हा क्रम मला फार धीर देतो. माझा मुलगा मला पुन्हा भेटणार, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्याचा रेनकोट अजून पडवीतल्या खुंटीला आहे, आणि तो मी काढणार नाही.