सगळ्यांना कोडिंग शिकवल्याने बेकारी हटेल का?

शब्द थोडेफार बदलून एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे: ‘विकसनशील देशांत नोकऱ्या आहेत, तरुणांकडे कौशल्य नाही. प्रत्येकाला कोडिंग आणि एआय शिकवा, बेकारी संपेल. संशोधनावरचा खर्च ही श्रीमंत देशांची चैन.’ पटकन पटावा असा आहे, म्हणूनच तपासून पाहायला हवा.

‘नोकऱ्या आहेत, कौशल्य नाही.’ तसे असते तर जास्त शिकलेल्याला काम आधी मिळाले असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या भारतविषयक २०२४ च्या अहवालात उलटेच दिसते. २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के होती, लिहितावाचता न येणाऱ्यांत ३.४ टक्के. इजिप्त आणि ट्युनिशियातही शिकलेल्यांनाच बेकारी जास्त सोसावी लागली. अर्थात, निरक्षर तरुणाला रिकामे बसणे परवडत नाही. मिळेल ते काम तो करतो आणि कागदोपत्री ‘रोजगारात’ धरला जातो. पण शिकलेल्यांना साजेशा जागा कमी आहेत, ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही.

यावर हमखास उत्तर येते, ‘पदवी आहे, पण हातात कसब नाही.’ काही अंशी खरे आहे. मग प्रशिक्षण देऊन काय होते ते पाहू.

विकसनशील देशांतल्या अशा योजनांच्या प्रयोगांचा आढावा जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये घेतला. शंभर जणांना व्यवसाय प्रशिक्षण देऊ केले, तर एरवी मिळाले नसते असे काम तिघांनाही मिळत नाही, हा त्याचा निष्कर्ष. जागा तेवढ्याच राहिल्या तर प्रशिक्षणाने रांगेतला क्रम बदलतो, रांग आखूड होत नाही. कोलंबियाच्या एका योजनेत मात्र तीन महिने वर्गात आणि तीन महिने प्रत्यक्ष कंपनीत शिकवले गेले. त्यात महिलांची कमाई सुमारे २० टक्क्यांनी वाढली. कंपनी आधीपासून सोबत होती, हे इथे विसरू नये.

या मजकुराची मोठी चूक वेगळीच आहे. तंत्रज्ञान म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे काम, असे त्यात गृहीत धरले आहे. बांगलादेशच्या ‘देश गार्मेंट्स’ या कपडे बनवणाऱ्या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ मध्ये १३० जणांना तिथे शिकायला पाठवले. परतल्यावर काही वर्षांत त्यांतले बहुतेक जण कंपनी सोडून गेले. कुणी दुसऱ्या कारखान्यात, कुणी स्वतःच्या. मालकाच्या दृष्टीने हा तोटाच, पण शिवणकामाचे आणि निर्यातीचे तंत्र त्यांच्याबरोबर पसरले. सरकारने निर्यातीसाठीचे कापड शुल्काशिवाय आणू दिले, परदेशी ऑर्डरच्या पतपत्रावर (म्हणजे पैसे मिळतील या बँकेच्या हमीवर) ते उधारीवर मिळण्याची सोय केली. आज त्या उद्योगात सुमारे ४० लाख लोक आहेत, त्यांत महिला बहुसंख्य. प्रशिक्षण इथेही होतेच, पण त्याच्या मागे कारखाना होता, गिऱ्हाईक होते आणि सोयीचे नियम होते.

विजेचेही तसेच. दक्षिण आफ्रिकेत खेड्यांत वीज पोचल्यावर काम करणाऱ्या महिलांचे प्रमाण शंभरात सुमारे ९ ने वाढल्याचे एका अभ्यासात आढळले. समुद्राखालून आलेल्या इंटरनेट केबलींमुळे आफ्रिकेतल्या अनेक देशांत रोजगार वाढला, तो कमी शिकलेल्यांचाही. त्यासाठी आधी सगळ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवावे लागले नव्हते.

राहिली संशोधनाची ‘चैन’. दक्षिण कोरियाने १९६६ मध्ये केआयएसटी (कोरिया विज्ञान-तंत्रज्ञान संस्था) ही संशोधन संस्था काढली तेव्हा तो गरीब देश होता. अमेरिकेची मदत होती, हे खरे. पण संस्थेचा भर उद्योगांनी सोपवलेल्या संशोधनावर होता. नुसते शोधनिबंध लिहिण्यासाठी ती काढलेली नव्हती. छोट्या कारखान्याला चाचणी, मोजमाप, यंत्राची जुळवाजुळव स्वतःच्या पैशाने जमत नाही, आणि ते जमेपर्यंत तो दोन माणसे वाढवत नाही. प्रशिक्षणाच्या निधीतला मोठा वाटा अशी सेवा देणाऱ्या केंद्रांकडे आणि शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या कारखान्यांकडे वळवावा, असे माझे मत आहे. कोडिंगचे वर्ग ज्यांना हवेत त्यांच्यासाठी खुशाल चालू राहोत.