‘कुत्र्याचे पुतळे कसले उभारता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

लष्करी श्वानाचं स्मारक पुण्यात व्हावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही दिघीहून सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गेलेल्या जवानांची नावं त्यांच्या गल्लीतही कुणाला आठवत नाहीत, तिथे कुत्र्याचं कौतुक कसलं? कुत्रा शिकवलेलं करतो, त्याला शौर्य कळत नाही. आणि पैसा आहेच तर म्हाताऱ्या कुत्र्यांना खाऊ घाला. जाता जाता रायगडावरच्या वाघ्यावरूनही टोला हाणलात. तुम्ही वर्दी घातली आहे, मी नाही. त्यामुळे ‘सोफ्यावरचे प्राणिप्रेमी’ हा शेरा गुमान ऐकून घेतो. मुद्दे मात्र सोडत नाही.

शौर्याचं आधी. कुत्र्याला देश कळत नाही, कबूल. स्फोटकांचा वास आला की न भुंकता खाली बसायचं, मग हँडलर, म्हणजे त्याला सांभाळणारा जवान, चेंडू देतो, पाठ थोपटतो. त्याच्या लेखी हा खेळ आहे. माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. जवान भरतीला स्वतःच्या पायांनी जातो, शपथ घेतो. कुत्र्याच्या वतीने सही आपणच ठोकली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या कारवाईत झूम या लष्करी श्वानाला दोन गोळ्या लागल्या, तरी तो अतिरेक्यांना भिडलेलाच राहिला आणि १३ तारखेला श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडला. त्याच वर्षी जुलैत बारामुल्लाला ॲक्सेल हा श्वान मारला गेला. ज्या घरात माणूस आधी पाठवायचा नव्हता, त्या घरात हे पाठवले गेले. त्यांना काय कळत होतं हा प्रश्न गौण आहे, काका. आपल्याला तर सगळं कळत होतं ना?

आता जवानांचं. तुमची खंत खरी आहे, पण कुत्र्याचं नाव घेतलं की जवानाचं पुसलं जातं, हा हिशेब मला पटत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये कुपवाड्याच्या तंगधार भागात मानसी नावाची लॅब्रेडॉर आणि तिचे हँडलर बशीर अहमद वार एकाच चकमकीत गेले. मानसीचं नाव पुढे ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’मध्ये, म्हणजे लष्कराच्या गौरवाच्या अधिकृत नोंदीत, आलं, आपल्या लष्करात श्वानाला हा मान तेव्हा पहिल्यांदा मिळाला. खरं सांगू? बशीर अहमद हे नाव मला मानसीमुळे कळलं. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत केंट ही लॅब्रेडॉर हँडलरला वाचवताना मारली गेली. त्याच चकमकीत रायफलमन रवी कुमारही गेले, हेही मी केंटची बातमी वाचता वाचताच वाचलं. माणसांची नावं अशी मागच्या दाराने कळावीत याची लाज वाटते, पण कळतात.

म्हाताऱ्या कुत्र्यांचा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. फक्त त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. कामाला न उरलेल्या श्वानांना आपलं लष्कर इंजेक्शन देऊन संपवत असे, हे २०१५ साली माहितीच्या अधिकारातून चव्हाट्यावर आलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, मग धोरण बदललं. आता मेरठला, जिथे आर.व्ही.सी.चं, म्हणजे लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाचं केंद्र आहे, तिथे निवृत्त श्वानांना ठेवतात, काही दत्तकही दिले जातात. इतकी वर्षं हे चाललं, कारण कागदावर कुत्रा म्हणजे स्टोअरमधला जिन्नस. तुम्ही नोकरी केलीय, स्टोअरमधून वस्तू कशी राइट-ऑफ होते ते मी तुम्हाला काय सांगणार!

अमेरिकेनेही वेगळं केलं नाही. व्हिएतनाममध्ये हजारो कुत्री वापरली आणि निघताना बहुतेक तिथेच सोडली किंवा मारली. कागदोपत्री तीही सामग्रीच. निवृत्त श्वान दत्तक देण्याचा कायदा त्यांनी केला २००० साली. त्याआधी, १९९४ मध्ये, ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धातल्या २५ श्वानांचं स्मारक झालं. वर डोबरमनचा पुतळा, खाली पंचवीसही नावं. स्मारकामुळे कायदा झाला, असं मी म्हणत नाही. पण नाव दगडात कोरलेल्या जिवाला मोडीत काढताना कारकुनाचाही हात अडखळेल. तेव्हा घास घालायचा असेल तर पुतळा आड येत नाही.

वाघ्याचं दोनच ओळींत. तिथला वाद समकालीन पुरावा नाही म्हणून आहे. लष्करी श्वानाचं युनिट, कारवाई, तारीख, सगळं लष्कराकडे लिहिलेलं असतं.

भटक्या कुत्र्यांचा विषय इथे कशाला आणलात ते कळलं नाही. तो महापालिकेला विचारा, मीही तुमच्या मागे रांगेत उभा राहतो.

पुण्यातच का, असंही विचारलंत. १९९३च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर या श्वानाने ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढलं, ते आठवत असेलच. तो पोलिसांचा होता, लष्कराचा नाही, पण तयार झाला तो आपल्या शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. घोरपडीजवळच्या युद्धस्मारकाला तर नागरिकांनी वर्गणी दिली होती. १९९८ साली ते खुलं झालं. तिथे रणगाडा आहे, मिग विमान आहे. पोरं त्यांच्यापुढे फोटो काढतात, कुणी विचारत नाही की रणगाड्याला शौर्य कळतं का. त्या आवारात एक श्वान मावेल.

चौकात मात्र नको, इथे तुमच्याशी एकमत. चौकात बसवला की उद्घाटनाच्या फ्लेक्सवर कुत्रा सोडून सगळ्यांचे चेहरे येतील. मला उंच चौथराही नको. कुत्रा खऱ्या आकाराचा, जमिनीलगत, आणि पट्ट्याचं दुसरं टोक धरलेला हँडलर शेजारी. पाटीवर दोघांची नावं, युनिट, ठिकाण, तारीख. देणगीदारांची यादी मागच्या बाजूला.

एका गोष्टीत तुमचाच सल्ला हवा आहे. पाटीवर हँडलरचं नाव हुद्द्यासकट आधी यावं आणि खाली श्वानाचं, असं मला वाटतं. एका मित्राचं म्हणणं, चालताना कुत्रा पुढे असतो तर पाटीवरही पुढेच हवा. फौजेत हे कसं लिहितात, ते कळवा.